भ्रूणाच्या मेंदूच्या स्लाइड मोडीत काढण्याआधी

मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागप्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

मी अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटमध्ये बत्तीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. १९८६ साली लागले, २०१८ साली निवृत्त झाले. काम मुख्यतः सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप, कापण्याचं. आपल्यापैकी काही जणांना विद्यार्थी असताना मीच हिस्टॉलॉजीच्या स्लाइडचे ट्रे वाटले असतील.

मागणी आधीच सांगते. आपल्या विभागाच्या कपाटात मानवी भ्रूणांच्या सीरियल सेक्शनच्या, म्हणजे ओळीने क्रमवार घेतलेल्या कापांच्या, पेट्या असतील, तर त्या हलवण्याआधी, कुठल्या गोदामात पाठवण्याआधी, सगळ्या स्लाइड क्रमाने स्कॅन करून घ्या. आणि पेट्यांबरोबरचं रजिस्टर त्यांच्यापासून तोडू नका.

पत्र लिहायला कारण घडलं. शहरातल्या एका कॉलेजात विभागाची दुरुस्ती निघाली. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या कुणाचा हेतू वाईट नव्हता आणि असं उद्या कुठेही होऊ शकतं. म्युझियमच्या बरण्या जपून हलवल्या, कारण बरणीत काय आहे ते दिसतं. स्लाइडच्या लाकडी पेट्या मात्र कॉरिडॉरमध्ये एकावर एक रचून ठेवल्या. पावसाळा होता. महिन्याभराने मी जुन्या सहकाऱ्यांना भेटायला गेले, तेव्हा दोन पेट्यांचे तळ सुटलेले होते आणि स्लाइड एका गोणीत भरल्या होत्या. गोणीतून काचेचा आवाज येत होता. मी हात घालून एक स्लाइड बाहेर काढली. लेबल गळून पडलेलं, पण कव्हरस्लिपखाली, म्हणजे कापांवरच्या पातळ काचेखाली, दोन ओळींत बारा गुलाबी-जांभळे ठिपके शाबूत होते. उजेडाकडे धरली आणि ओळखली. मेंदूच्या पाठीमागच्या भागातून गेलेला काप होता, मधली पोकळी पतंगासारखी चौकोनी. रजिस्टर कुठे आहे विचारलं, तर ते रद्दीत गेलं होतं.

स्लाइड नुसती फुटली तर नुकसान एका स्लाइडचं होतं. क्रम गेला तर सगळ्या भ्रूणाचं नुकसान होतं. हे का, ते कळायला या पेट्या तयार कशा होतात ते एकदा सांगावं लागेल. आपल्याला ते पुस्तकातून ठाऊक आहे. मी हातातून सांगते.

भ्रूण आमच्याकडे फॉर्मलिनच्या बाटलीत यायचं. गर्भधारणेपासून सात आठवड्यांचं म्हणजे साधारण १८ मिलिमीटर, करंगळीच्या पेराएवढं. त्यातलं निम्मं डोकंच, तेही छातीवर वाकलेलं. अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून काढून पाणी घालवायचं, झायलीन द्यायचं, मग ५८ अंशांच्या आसपास वितळलेल्या पॅराफिन मेणामध्ये मुरवायचं. मेणाचा ब्लॉक तयार झाला की मायक्रोटोमवर, म्हणजे काप घ्यायच्या यंत्रावर, दहा-दहा मायक्रॉनचे काप. दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे १८ मिलिमीटरच्या भ्रूणाचे १,८०० काप. एका स्लाइडवर बारा धरले तर दीडशे स्लाइड. एकही काप मागे-पुढे झालेला चालत नाही.

काप सुटे पडत नाहीत, एकमेकांना चिकटून मेणाची फीत निघते. आम्ही तिला रिबनच म्हणायचो. ती ओल्या ब्रशने उचलून काळ्या कागदावर डावीकडून उजवीकडे मांडायची. या वेळी पंखा बंद. मे महिन्यातही बंद, कारण एक झुळूक आली की दोन दिवसांची मेहनत जमिनीवर. मे महिन्यात ब्लॉक मऊ पडायचा, त्याला दर दहा मिनिटांनी बर्फ लावायचा. घामाचा थेंब रिबनवर पडू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधून बसायचो. स्लाइडला अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन समप्रमाणात घोटून केलेलं अल्ब्युमिन बोटाने लावायचं, कोमट पाण्यावर रिबन सोडून सुरकुत्या काढायच्या आणि स्लाइड खालून सरकवून ती अलगद उचलायची. एखादा काप फाटला तर रजिस्टरमध्ये लिहायचं: ४१२ फाटला, ४१३ दुमडला. आमच्या मॅडम म्हणायच्या, फाटलेल्या कापाची लाज नाही, न लिहिलेल्याची आहे.

अशी एक मालिका पुरी व्हायला मला पाच-सहा आठवडे लागायचे. म्हणून गोणीतला तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

आता कुणी म्हणेल, एमआरआय आहे, फोर-डी सोनोग्राफी आहे, या जुन्या काचा कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या चाळीतच मिळालं.

शेजारणीची सून दोन महिन्यांची गरोदर होती. एका सेंटरमध्ये सोनोग्राफी झाली. तपासणाऱ्याने पडद्याकडे बघत मदतनिसाला म्हटलं, "डोक्यात पाणी वाटतंय, पंधरा दिवसांनी परत बोलाव." तिला समोर बसवून कुणी काही सांगितलं नाही. घरी आली ती रडतच. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडच्या नातेवाइकांना कळलं होतं, आणि रात्री सासूबाई मला विचारत होत्या की मावशी, पाडून टाकावं का? तिने फोनवर चित्र दाखवलं. राखाडी डोक्याच्या मागच्या बाजूला एक काळा गोल. मी डॉक्टर नाही, म्हणून मी एवढंच म्हटलं की घाई करू नका, गर्भाच्या सोनोग्राफीतल्या तज्ज्ञाला दाखवा. पण तो काळा गोल मी ओळखला होता. त्याच जागेचे शेकडो काप मी कापले आहेत. चार दिवसांनी तज्ज्ञ बाईंनी तेच सांगितलं: या वयात मेंदूच्या मागच्या भागातली पोकळी मोठीच असते, ती तिथे दिसायलाच हवी. मुलगी आता तीन वर्षांची आहे.

त्या पोकळीला पुस्तकात ऱ्हॉम्बेन्सेफॅलॉनची पोकळी म्हणतात, पुढे तीच चौथं व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतली द्रवाने भरलेली पोकळी, होते. पाळी चुकल्याच्या हिशेबाने सातव्या-आठव्या आठवड्यात भ्रूणाच्या डोक्यातली ती सगळ्यात ठळक गोष्ट असते. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या हार्म-गेर्ड ब्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात योनीमार्गातल्या प्रोबने जिवंत भ्रूणांच्या मेंदूतल्या पोकळ्यांची त्रिमितीय चित्रं काढली, त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली. पण सोनोग्राफीला या वयात पोकळी दिसते, भिंत नीट दिसत नाही. आणि मेंदू घडतो तो त्या भिंतीत. पोकळीच्या कडेला पेशी दुणावतात, तिथून नव्या पेशी आधाराच्या तंतूंना धरून बाहेरच्या बाजूला चढत जातात आणि थर लावतात. काळा गोल कशाचा आहे, त्याच्या कडेला काय चाललंय, हे सोनोग्राफी शिकणाऱ्याला समजावायचं तर शेजारी त्याच वयाचा, त्याच पातळीवरचा काप ठेवावा लागतो. तो काप आपल्या कपाटात आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. मेंदूची सुरुवात कुणाच्या लक्षात येण्याआधी होऊन गेलेली असते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात पाठीवर एक जाडसर पट्टी येते, तिच्या कडा उचलल्या जातात आणि करंजीची कडा मिटावी तशा मिटू लागतात. फरक इतकाच की मिटायची सुरुवात मानेच्या भागात होते आणि तिथून दोन्ही टोकांकडे जाते. वरचं टोक पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला बंद होतं, खालचं अठ्ठाविसाव्या. ही मज्जानलिका, आपली न्यूरल ट्यूब. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदूचा वरचा भाग आणि कवटी घडत नाही, खालचं राहिलं तर स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा दोष. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. कित्येक जणींनी तोवर तपासणीही केलेली नसते. म्हणूनच फॉलिक अ‍ॅसिड गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला हा दोष होता अशा स्त्रियांमध्ये जास्त मात्रेच्या गोळीने तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटल्याचं ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने १९९१ सालीच दाखवलं. आमच्या चाळीतल्या मुलींना मी हे तोंडाने सांगते. त्या मान डोलावतात. पण ज्या दिवशी मी त्यांना चोविसाव्या दिवसाच्या भ्रूणाचं जुन्या पुस्तकातलं चित्र दाखवलं, पाठ मिटलेली आणि डोक्याशी अजून उघडी, त्या दिवशी तिघींनी गोळी सुरू केली.

आता ज्यांनी असल्या पेट्या जपल्या त्यांचं काय झालं ते बघा.

जर्मनीत शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी मानवी भ्रूणांचे काप करून मोठ्या आकाराच्या प्रतिकृती बनवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे शिकलेले अमेरिकन फ्रँकलिन मॉल यांना १८८७ साली पहिलं भ्रूण मिळालं. १९१४ साली कार्नेगी संस्थेच्या पैशातून बाल्टिमोरला स्वतंत्र विभाग उभा राहिला. तिथे प्रत्येक कापाची बाह्यरेखा मोठी करून मेणाच्या पत्र्यावर काढत, पत्रे कापून एकावर एक रचत आणि आतल्या पोकळ्यांसकट मेंदू हातात घेता येईल एवढा होई. आज आपण विद्यार्थ्यांना भ्रूणाच्या पहिल्या आठ आठवड्यांच्या ज्या २३ पायऱ्या शिकवता, त्या त्याच संग्रहावरून ठरल्या. तो संग्रह वॉशिंग्टनजवळ सिल्व्हर स्प्रिंगच्या संग्रहालयात अजून आहे. आणि त्याच जुन्या स्लाइडवरून अ‍ॅमस्टरडॅमच्या शिक्षकांनी २०१६ साली संगणकावरचा त्रिमितीय अ‍ॅटलास केला. सुमारे १५,००० काप, आणि त्यांवर अवयवांच्या कडा आखण्याचं सुमारे ४५,००० तासांचं काम विद्यार्थ्यांनी केलं. त्यातून असंही दिसलं की पाठ्यपुस्तकांतल्या काही गोष्टी कोंबडीच्या आणि उंदराच्या भ्रूणांवरून माणसाला चिकटवलेल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पंखा बंद करून कापलेले ते काप. ज्याने ते कापले त्याला संगणक स्वप्नातही नव्हता.

जपानात क्योटो विद्यापीठाने १९६१ पासून भ्रूण-गर्भांचा संग्रह केला, तो आज ४४,००० च्या वर आहे. त्यातल्या बाराशेहून अधिक भ्रूणांच्या प्रतिमा त्यांनी न कापता एमआर मायक्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआयच्याच अतिसूक्ष्म प्रकाराने, घेतल्या. आणि आपल्याच देशात, आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ हा गर्भाच्या मेंदूचा अ‍ॅटलास सगळ्यांसाठी खुला केला. ५,१३२ काप, पेशी-पेशी दिसेल इतके स्पष्ट. मी मुलाच्या लॅपटॉपवर तो उघडून बसते. एका कापावरून दुसऱ्यावर जाते, आणि कुठे एखादी सुरकुती दिसली की कापणाऱ्याची आठवण येते. धरणीतले मेंदू दुसऱ्या तिमाहीतले आहेत. त्यांच्या आधीचे आठ आठवडे, नळीपासून पाच फुगवट्यांपर्यंत आणि फुगवट्यांपासून दोन गोलार्धांपर्यंतचे, तुमच्या पेट्यांमध्ये असू शकतात. मुंबईच्या बायकांच्या पोटातले.

इथे मला थांबून एक गोष्ट लिहायलाच हवी. त्या बायकांची.

आमच्या पेट्यांवर नुसता क्रमांक असायचा आणि रजिस्टरमध्ये एक ओळ. तारीख, लांबी, ‘गर्भाशय काढताना मिळालं’, ‘नळीतला गर्भ’, ‘आपोआप गर्भपात’. नाव नाही. बाल्टिमोरच्या संग्रहातही त्या काळी आईला विचारायची रीत नव्हती, आणि आमच्याकडेही बहुतेक वेळा नव्हती. मी नोकरीला लागले तेव्हा हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर आला. गर्भ बीजनलिकेत राहून ती फुटली म्हणून अर्ध्या रात्री ऑपरेशन झालेली एखादी गिरणी कामगाराची बायको, शुद्धीवर आल्यावर तिला आपण वाचलो एवढंच कळलं असेल. तिचं ते भ्रूण दीडशे काचांवर माझ्या हातून मांडलं गेलं. तिची परवानगी आता कुणी आणू शकत नाही. पण त्या दीडशे काचा गोणीत भरून भंगारवाल्याला देणं हा तिच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. एकदा न विचारता घेतलं, निदान ते फुकट तरी जाऊ देऊ नका. स्कॅन केलेल्या मालिकेच्या पहिल्या पानावर दोन ओळी घाला, की हे कुणाकुणाच्या दुःखातून आलेलं आहे. विद्यार्थ्यांना मृतदेहापुढे पहिल्या दिवशी शपथ देता, तशीच भ्रूणाच्या स्लाइडसाठीही द्या.

पुढे नवीन भ्रूणं मिळवायची असतील तर विचारूनच. आज गर्भपातातून आलेलं सगळं जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातं, आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी दान हवं असेल तर आधी तिचा गर्भपाताचा निर्णय पूर्ण झालेला असावा, मगच दुसऱ्या कुणी, तिच्या भाषेत, घाई न करता विचारावं. नाही म्हणाली तर तिच्या उपचारात तिळभर फरक पडू नये. हे मराठी-हिंदीत लिहिलेलं असावं, इंग्रजी फॉर्मवर अंगठा नको. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल आणि लंडनला १९९९ पासून अशा दानातून आलेल्या भ्रूण-ऊतींची बँक चालते. आपली नैतिकता समिती असतेच, तिच्यापुढे हा विषय आणायला कुणीतरी एका विभागाने पहिलं पाऊल टाकायला हवं.

एक शंका ऑफिसातून हमखास येईल: गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचं काय? आपल्या राज्याने १९८८ साली देशात पहिल्यांदा तो कायदा केला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तो कायदा पोटातल्या गर्भाच्या तपासणीचा आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या काचेवरच्या कापांना त्याची भीती दाखवून फाइल थांबवू नये. आठ आठवड्यांपर्यंत बाहेरून मुलगा-मुलगी ओळखूही येत नाही, हे आपण मला शिकवलेलं आहे.

खर्चाचं म्हणाल तर स्लाइड स्कॅन करणारी यंत्रं आता पॅथॉलॉजीत नवी राहिलेली नाहीत. स्वतःचं नसेल तर शेजारच्या विभागाचं किंवा शेजारच्या हॉस्पिटलचं रात्रीच्या वेळी मागता येईल. एका स्लाइडची फाइल जीबीभर धरली तरी एका भ्रूणाची अख्खी मालिका खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर बसते. खरा वेळ यंत्राला लागत नाही, यंत्रात घालण्याआधी लागतो. कव्हरस्लिप चिकटवणाऱ्या जुन्या कॅनडा बाल्समचा पिवळेपणा, कडांना आलेली बुरशी, सुटलेल्या कव्हरस्लिप, उजेडाने फिकट पडलेला इओसिनचा गुलाबी रंग. हे ज्याला कळतं त्याच्याच हाती काम द्या. झायलीनमध्ये बुडवून कव्हरस्लिप काढायची झाली तर घाई करणारा माणूस कापासकट काढतो. आणि नव्याने रंगवायच्या भानगडीत पडण्याआधी आहे तशी एक प्रतिमा घेऊन ठेवा.

रजिस्टर आधी स्कॅन करा, स्लाइड नंतर. जिथे ‘फाटला’ लिहिलंय तिथे संगणकाला तो काप नाही हे सांगावं लागतं, नाहीतर वरचे आणि खालचे काप जुळवताना सगळा मेंदू दहा मायक्रॉनने घसरतो. लेबल गळालेल्या स्लाइड फेकू नका. आधीच्या आणि नंतरच्या कापावरून त्यांची जागा शोधता येते. मी शोधलेल्या आहेत.

आणि वयं लिहिताना कृपा करून दोन्ही लिहा. डॉक्टर पाळीपासून आठवडे मोजतात, भ्रूणशास्त्र गर्भधारणेपासून. दोन आठवड्यांचा फरक पडतो, आणि सोनोग्राफीच्या विद्यार्थ्याने चुकीच्या वयाचा काप शेजारी धरला तर आमच्या चाळीतल्या सुनेसारखी एखादी पुन्हा रडत घरी जाईल.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं, केईएमचं जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ सालचं. मी नोकरीला लागले त्याच वर्षी, ६ ऑगस्ट १९८६ ला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून केईएममध्ये शास्त्रीय नोंदी असलेली देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. परळच्या रस्त्यावर त्या दिवशी पेढे वाटले गेल्याचं मला आठवतंय. ज्या शहरात बशीतल्या भ्रूणाने आईच्या पोटात जागा धरली, त्या शहराकडे भ्रूणाच्या मेंदूची स्वतःची एक तरी पूर्ण, खुली चित्रमालिका असावी, ही माझी इच्छा आहे. नावं मराठीतूनही असलेली, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना आणि आशाताईंनाही ती उघडता येईल.

कोणत्याही एका विभागाने सुरुवात केली तर मी यायला तयार आहे. मानधन नको. माझी नजर अजून चांगली आहे, हात थरथरत नाहीत. मंगळवार आणि गुरुवार मोकळे आहेत. लालबागहून सकाळी दहापर्यंत पोचते. सोबत माझा जुना उंटाच्या केसांचा ब्रश आणि भिंग आणीन. त्या गोणीतली एक स्लाइड परवानगी घेऊन मी घरी आणली आहे, कपाटात अंधारात ठेवली आहे. तिचा क्रमांक ठाऊक नाही. तिची पेटी कुठल्या विभागात शिल्लक असेल, तर ती तिथे परत ठेवायची आहे.

आपली,
एक निवृत्त अ‍ॅनाटॉमी तंत्रज्ञ
लालबाग, मुंबई